भाई, नियम तसाच ठेवलाय

भाई, तुमचं खातं मी तुमच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बंद केलं. नियम तुमचाच होता. माणूस हॉस्पिटल सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं सर्व्हरवरून काढायचं, मग तो दुसरी नोकरी धरून गेलेला असो की कायमचा. मी उशीर केला. रोज सकाळी ठरवायची आणि रोज दुसरंच काम हाताशी घ्यायची. शेवटी केलं एकदाचं. मशीनने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, तुला काय करायचंय मेल्या! मोठ्याने म्हटलं. बिलिंगच्या टेबलावरच्या दोघीजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

तुमची कदेल अजून खिडकीखाली तशीच आहे. तिच्यावर मी बसत नाही. लोक म्हणतात, आता सेक्शन तुझं, खुर्ची तुझी. बसेन कधीतरी. सध्या तिच्यावर माझं हेल्मेट आणि डबा असतो, म्हणजे दुसरं कोणी बसायला नको.

तुम्ही कोण होता हे आपल्या डिचोलीत सांगायची गरज नाही, पण कॉम्प्युटरच्या लोकांना सांगितलं तर हसतील. मयेचा माणूस, वीस वर्षं खाणीवर काट्याच्या केबिनमध्ये बसलेला. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की त्याचं वजन मशीनमध्ये घ्यायचं आणि ट्रकची चिठ्ठी तपासायची, कुठल्या खड्ड्यातला माल, कुठल्या धक्क्यावर चालला. खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार उभे राहिले, त्यांच्या टपावर गवत उगवलं. तुमच्या वयाची माणसं घरी बसली. तुम्ही पुस्तकं आणून शिकलात आणि आपल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सेक्शनला लागलात. पुढे काही वर्षांनी मी आले, पेडण्याहून, कॉलेजची पदवी घेऊन, नाकाचा शेंडा वर करून. मला वाटलं होतं, हा खाणीवरचा माणूस मला काय शिकवणार!

पहिल्याच आठवड्यात तुम्ही शिकवलंत. आठवतं? मी सर्व्हरवर रूट म्हणून शिरले होते. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला कुठलंच दार बंद नसतं, असंच कॉलेजात शिकवलेलं. आणि तुमच्या सर्व्हरने मला एक साधी फाइल उघडायला नकार दिला. मी तीनदा केलं, तीनदा नकार. मी ओरडलेच, "भाई, ह्या मशीनाक काय झालां? मी रूट आसंय!"

तुम्ही उंडा चहात बुडवत होता. पोदेराकडचा हा गोल पाव सकाळी घरून खिशात घालून आणायची तुमची सवय. खाऊन झालं, हात पुसलात, मग बोललात. "खाणीवर मालकाचो ट्रक पण काट्यार येतलो. मालकाचो म्हणून सोडलो तर काटो कित्याक? चिठ्ठी नाय, तर गेट नाय."

मग समजावलंत. ह्या मशीनमध्ये प्रत्येक फाइलला एक लेबल चिकटवलेलं आहे आणि चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामलाही. कुठल्या लेबलाच्या प्रोग्रामने कुठल्या लेबलाच्या फाइलला हात लावायचा ते नियमांच्या यादीत लिहिलेलं. यादीत नसेल तर नकार. फाइल कोणाची, माणूस किती मोठा, हे मशीन विचारतच नाही. फाइलचा धनी स्वतः म्हणाला की वाचू दे, तरी नाही. रूट म्हणाला, तरी नाही. रुग्णांचे अहवाल फक्त डॉक्टरांच्या खोलीतल्या प्रोग्रामने वाचायचे. आपण मशीन चालवणारी माणसं, आपण मशीन चालवायचं, त्याच्या पोटातलं वाचायचं नाही.

मला ते आवडलं नाही. आज सांगते, मला तो अपमान वाटला होता. घरात कामाला ठेवायचं आणि कपाटाला कुलूप लावायचं, तसं. मी विचारलंसुद्धा, "तुमी माका चोर समजतात काय?" तुम्ही म्हणालात, "तुका न्हय गो. मी माकाच समजतंय." खरंच तुम्ही स्वतःलाही वगळलं नव्हतं. नियमांची यादी बदलायचा अधिकार एकट्या तुमच्याकडे होता, पण अहवाल तुम्हालाही उघडत नसे. आणि यादीत एक अक्षर जरी बदललं तरी लांब वहीत कारण लिहायचं आणि शनिवारी मोठ्या डॉक्टरांची सही घ्यायची.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते सात वर्षं चाललं. मशीन कडक ठेवायचं की ढिलं, हे त्या भांडणाचं नाव. कडक म्हणजे ते अडवतं. ढिलं म्हणजे ते कोणाला अडवत नाही, नुसतं लॉगमध्ये लिहून ठेवतं की अमुक माणूस अमुक ठिकाणी जाऊन आला. माझं म्हणणं, ढिलं पुरे. माणसं इतकी वाईट नसतात, आणि असली तर लिहिलेलं सापडतंच की. डॉक्टरांचं काम अडलं की शिव्या आपल्याला पडतात. तुमचं म्हणणं, गावच्या राखणदार देवाला आपण नारळ, रोट देतो तो त्याने वाटेत उभं राहावं म्हणून. चोर आलेला त्याने नुसता बघितला आणि सकाळी गावकऱ्यांना सांगितलं, तर त्याला रोट कोण देणार? ह्यावर मी हसायची आणि तुम्ही अजिबात हसत नसा.

आणि मग मी ती मोठी चूक केली. डॉक्टरांसाठी एक नवा फॉर्म बनवला होता, माझ्या फोल्डरमध्ये. तो मी तिथून उचलून सर्व्हरच्या जागी नेऊन ठेवला. फाइल उचलून नेली की ती जुन्या जागेचं लेबल अंगावर घेऊनच जाते, नक्कल करून ठेवली तर नव्या जागेचं घेते, एवढं तुम्ही दहा वेळा सांगितलं होतं. मी विसरले. फॉर्म उघडेना. डॉक्टर फोनवर फोन. तुम्ही भावाच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस वास्कोला. मला एवढा राग आला त्या लेबलांचा, की मी ढिलं नाही केलं, सगळं बंदच करून टाकलं. मुळासकट. फॉर्म फटकन उघडला. मी म्हटलं, बघा, काय आकाश कोसळलं का!

दोन दिवस मशीन तसंच चाललं आणि त्या दोन दिवसांत तयार झालेली एकूण एक फाइल लेबलाशिवाय जन्मली. तुम्ही परत आलात, सकाळी लॉग उघडलात आणि तुमच्या कपाळाला आठी पडली. कडक केलंत, ते बंद करायचा अधिकारही आपल्या एकट्याकडे घेतलात, आणि मशीन पुन्हा चालू केलंत तसं ते थांबलं आणि एकेक फाइल उचलून तिला लेबल लावायला लागलं. लाखो फाइली. ती पुरी होईपर्यंत ते कोणाला ओळख देणार नव्हतं. बाहेर सोमवारची ओपीडी भरलेली.

मग तुम्ही काय केलंत, तर स्टोअरमधून जुन्या छापील केसपेपरांचा गठ्ठा आणलात, एक मला दिलात, एक स्वतः घेतलात, आणि आपण दोघं काउंटरवर जाऊन बसलो. नाव, गाव, वय, काय दुखतं. दुपारपर्यंत आपण हाताने लिहीत होतो. एक मयेची म्हातारी तुम्हाला ओळखून म्हणाली, "अरे, तू काट्यारचो न्हय? हांगा कितें करतां?" तुम्ही म्हणालात, "तेंच करतां आवय, हांगा पण चिठ्ठ्याच बरयतां." सगळी लाइन हसली. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

मोठे डॉक्टर खाली आले, काय झालं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "लेबलं लागताहेत. चूक माझ्या सेक्शनची." माझ्या सेक्शनची! सेक्शनात होतं कोण, तुम्ही आणि मी. त्या दिवशी घरी परतताना अस्नोड्याला मी स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेटच्या आत ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्यासाठी उंडे घेऊन आले आणि ते खाताना आपण परत भांडलो, कडक की ढिलं. मी म्हटलं, लेबलं नसती तर हे झालंच नसतं. तुम्ही म्हणालात, तू नसतीस तर झालं नसतं.

आता ते लिहिते जे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

गेल्या गणेश चवथीच्या बारा दिवस आधी तुम्ही मला स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर दिसलात. हातात पिवळी फाइल. तुम्ही वाळला होता, ते मला दिसत होतं, पण तुम्ही म्हणायचात, डायबिटीस, पथ्य. मी विचारलं, काय झालं? "कांय ना गो. पोट जरा." आणि फाइल उलटी करून मांडीवर ठेवलीत. माणूस फाइल उलटी करतो तेव्हा त्याला काय वाटत असतं हे मला कळत नव्हतं असं नाही.

दोन दिवस मी वाट बघितली की तुम्ही सांगाल. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला गेलात आणि मी रूट म्हणून शिरून तुमचा अहवाल उघडायचा प्रयत्न केला. हो भाई. मी. सात वर्षं तुमच्याशी भांडून म्हणायची ना, माणसं इतकी वाईट नसतात.

नकार आला. आणि प्रत्येक नकाराची ओळ लॉगमध्ये पडते हे मला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. कोण, केव्हा, कुठल्या फाइलसाठी. आणि रोज सकाळी साडेआठला चहाबरोबर तुम्ही पहिलं काम काय करता तेही ठाऊक होतं. लॉग पुसायचा विचार मनात आला, खोटं का सांगू. पण लॉगलाही तुमचं लेबल होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या आधी येऊन बसले. तुम्ही आलात, उंडा काढलात, लॉग उघडलात. तुमचं बोट स्क्रीनवरून खाली खाली येत होतं, ते एका ठिकाणी थांबलं. किती वेळ थांबलं मला सांगता येणार नाही. तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसलात, परत घातलात, वही ओढून त्यात काहीतरी लिहिलंत. मग म्हणालात, "चहा निवलो." एवढंच. उठून चहा गरम करायला गेलात.

ओरडला असता तरी चाललं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही नाही. चवथ झाली, दसरा झाला, तुम्ही रजेवर जायच्या दिवशी नियमांच्या यादीची किल्ली माझ्या हातात दिलीत, म्हणजे तो लांबलचक पासवर्ड माझ्याकडून चार वेळा पाठ करून घेतलात. जुनी वही भरली होती, ती कपाटात ठेवलीत आणि मला कोरी दिलीत. "ती जुनी मगे सवडीन वाच," म्हणालात. मी वाचली नाही. माझं नाव तिच्यात कुठल्या शब्दांत लिहिलंय ते बघायचं धाडस मला नव्हतं.

तुम्ही आजारी असताना मी मयेला किती वेळा आले! दर रविवारी. तुम्ही दारापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसलेले, वहिनी सोलकढी आणून द्यायच्या. आपण काय बोलायचो, तर बॅकअप झाला का, नवीन डिस्क आली का. "ढिलां केलंस मगे?" तुम्ही विचारायचात. "अजून नाय," मी म्हणायची. माफी जिभेवर यायची आणि मी तिच्यावर सोलकढी प्यायची. शेवटच्या रविवारी तर तुम्हाला बोलायचंही बळ नव्हतं, तरी मी तुम्हाला कुठल्याशा वायरीबद्दल सांगत बसले. किती मूर्ख असावं माणसाने!

तुम्ही गेलात. बाराव्याला पानं उठली, पाहुणे पांगले आणि वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

"नूतन, तू त्या मशीनीर बसतंस. माका एकच सांग. ह्यांका कधी कळला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"माका दसऱ्याक सांगलां. पण त्यांका कधी कळलां? चवथीआधी की मगे?"

आणि मग त्यांनी सांगितलं. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची माटोळी बांधताना तुम्ही मधेच खाली बसलात. दरवर्षी तुम्ही रान पालथं घालून फळं आणायचात, एकटे बांधायचात. ह्या वेळी अर्धी बांधून बसलात आणि वहिनी सगळ्या जावांसमोर बोलल्या, "एक काम म्हणून पुरां करूचां नाय! असा करूचा होता तर देवाक घरात हाडलो कित्याक?" तुम्ही उठलात आणि उरलेली बांधलीत.

"त्यांका तेवा ठावक होतां काय गो?" वहिनी म्हणाल्या. "ठावक आसून ऐकून घेतलां? की तेवा त्यांका पण ठावक नव्हतां? माका ह्येच कळूक जाय. जेवण जाणा नाय माका. तू मशीनीत बघ आणि सांग."

भाई, मला एवढंच ठाऊक होतं की चवथीआधी तुम्ही त्या बाकावर होता. अहवालात काय होतं आणि तो तुमच्या हातात केव्हा पडला, ते मला ठाऊक नव्हतं. मी वहिनींना हो म्हटलं. बघते म्हटलं. त्या बाईचा चेहरा तुम्ही बघितला असता तर तुम्हीसुद्धा हो म्हणाला असता. किंवा नसता म्हणाला. तुमचं काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले, तुमचं खातं बंद केलं आणि लगेच बसले ते काम करायला. आता मला नकार देणारं कोणी नव्हतं. किल्ली माझ्याकडे. यादीत एक ओळ वाढवायची, माझ्या लेबलाला अहवाल वाचू दे, वाचून झाला की ती ओळ काढायची, पाच मिनिटांचं काम. मी मनाशी म्हणत होते, ही चोरी नाही, त्याच्या बायकोने सांगितलंय, मेलेल्या माणसाचं काय गुपित! कोऱ्या वहीत तारीख लिहिली, नाव लिहिलं. बदलाआधी जुन्या नियमाचा क्रमांक लिहावा लागतो, आणि तो होता जुन्या वहीत. म्हणून कपाट उघडलं.

तुमचं अक्षर बघितलं आणि हात आपोआप मागची पानं उलटायला लागला. तो दिवस मला शोधावा लागला नाही.

माझं नाव तुम्ही पूर्ण लिहिलं होतं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. फाइल कोणाची, तर तुमचं स्वतःचं नाव. ते वाचून मी आतून पेटले. म्हणजे माझं नाव लिहून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेलंत तर! त्यांची सहीसुद्धा होती खाली. वर्षभर मी त्यांना नमस्कार करतेय आणि त्यांना ठाऊक आहे! मग कारणाच्या रकान्यात बघितलं. तिथे तुम्ही नेहमी लिहायचात, लेबल चुकले, नवा प्रोग्राम, असलं काहीतरी. त्या दिवशी लिहिलं होतं, "घरच्या माणसाने काळजीपोटी बघू पाहिले. कारवाई नको. नियम तसाच ठेवावा."

मी ती वही तोंडाला लावून रडले. बिलिंगच्या दोघींनी मला पाणी आणून दिलं. मला घरचं माणूस म्हणालात ते एक, आणि त्याच ओळीत नियम तसाच ठेवावा म्हणालात ते दुसरं. माझ्यावर एवढी माया आणि माझ्यासाठीसुद्धा गेट नाही! मला तुमचा राग आला आणि तुम्हाला घट्ट मिठी मारावीशी वाटली, दोन्ही एकदम.

मी ती ओळ वाढवली नाही. मयेला गेले आणि वहिनींना सांगितलं, मशीनीतून मी बघणार नाही. तुम्ही पत्नी आहात, तुमचा हक्क आहे, रेकॉर्डच्या सेक्शनला अर्ज करा, मृत्यूचा दाखला जोडा, सगळी फाइल तुमच्या हातात देतील. मी बरोबर येते.

वहिनींचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! "अर्ज? माझ्या घोवाचा जाणून घेवक माका अर्ज करूचो?" मी मान हलवली. "तू त्याचीच गो. दगड." त्या आत निघून गेल्या. मी खळ्यात उभी राहिले, तुमच्या खुर्चीपाशी. मला वाटलं, तुमच्या तत्त्वापायी मी एका विधवा बाईला छळतेय. मला खरंच तसं वाटलं, भाई, आणि तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला तसं तोंडावर सांगितलं असतं. चार दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच हॉस्पिटलात आल्या. दाखला घेऊन, सगळ्यात चांगली साडी नेसून. आम्ही अर्ज केला. आठवड्याने बोलावलं, ते काल. खिडकीतून तुमची पिवळी फाइल त्यांच्या हातात आली. आम्ही दोघी बाकावर बसलो. त्यांनी फाइल माझ्याकडे दिली. "माका इंग्रजी येणा नाय. आता तू वाच."

मी वाचलं. अहवालाची तारीख चवथीच्या दहा दिवस आधीची. त्यात सगळं स्पष्ट होतं. त्याच दिवशी डॉक्टर तुमच्याशी बोलल्याची नोंदही होती.

"म्हणजे ठावक होतां," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ठावक होतां आणि मी तशी बोललंय."

मशीनमध्ये एवढंच होतं, भाई. अहवाल आणि तारीख. मी ती ओळ वाढवून अहवाल वाचला असता तर मी वहिनींना एवढंच सांगू शकले असते आणि ती बाई मरेपर्यंत ते घेऊन जगली असती. मी फाइल मिटायला गेले तर मागे एक कागद लागला. निदान सांगताना डॉक्टर भरून घेतात तो छापील फॉर्म, मशीनमध्ये कधी न चढणारा, हाताने भरलेला. त्यात एक प्रश्न असतो, आजाराची माहिती कोणाला द्यावी. उत्तर तुमच्या अक्षरात, मराठीत. वहिनींना वाचता येण्यासारखं. मी कागद त्यांच्याकडे दिला.

त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "पत्नीला मी स्वतः सांगेन. चवथ झाल्यावर. ती वर्षभर ह्या सणाची वाट बघते. तोपर्यंत कोणी सांगू नये."

त्यांनी तो दोनदा वाचला. मग पदर तोंडात धरून त्या इतका वेळ रडल्या की नर्स येऊन बघून गेली. मी त्यांचा हात धरून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, कागद घडी न घालता फाइलमध्ये परत ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नूतन, आज माझ्यावांगडा जेवूक चल. कालपासून कायच खावक नाय मी."